डिशची वायर, तिची पिन आणि गोव्याचा खारा वारा

जूनमध्ये पहिल्या दोन-चार मोठ्या सरी कोसळल्या की गोव्यातल्या डिशवाल्यांचे फोन वाजायला लागतात. पडद्यावर चौकोन चौकोन दिसतात, आवाज तुटतो आणि शेवटी ‘नो सिग्नल’ येतं. डिशवाला छपरावर चढतो, डिश जराशी फिरवतो आणि खाली उतरून म्हणतो, “काकी, बॉक्स गेला वाटतं.” काकी म्हणतात, “कसा जाईल मरे? दुपारी ऊन पडलं तेव्हा नीट चालत होता.”

काकींचं निरीक्षण पक्कं आहे. बिघडलेल्या बॉक्सला ऊन-पावसाचं सोयरसुतक नसतं. ओल धरली की बिघडणारी आणि ऊन पडलं की सुधारणारी वस्तू बहुतेक वेळा एकच असते: वायरच्या टोकाला बसवलेली पिन. दुकानदार तिला एफ कनेक्टर म्हणतो, लायनमन पिन म्हणतो. घराच्या वायरिंगमधली ही सगळ्यात स्वस्त वस्तू, म्हणूनच तिची निवड सगळ्यात बेफिकिरीने होते.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. धो धो पाऊस चालू असताना चित्र जाणं हा वेगळा मामला आहे. उपग्रहाकडून डिशवर येणाऱ्या लहरी दहा गिगाहर्ट्झच्या वरच्या असतात आणि पावसाचे थेंब त्या शोषतात, विखुरतात. सर ओसरली की चित्र आपोआप परततं. त्यासाठी कोणाला छपरावर चढवू नका. पाऊस थांबून तास-दोन तास झाले, आभाळ मोकळं झालं आणि तरीही चौकोन जात नाहीत, तेव्हा संशय वायरवर आणि पिनवर घ्यायचा.

वायरच्या पोटात

पिन कशी निवडायची हे कळायला आधी वायर उघडून पाहावी लागते. कोॲक्सियल वायर आडवी कापली तर मधोमध एक कडक तार दिसते. तिच्याभोवती पांढऱ्या फेसाळ प्लॅस्टिकचा जाड थर, त्यावर ॲल्युमिनियमचा चकचकीत वर्ख, वर्खावर बारीक तारांची जाळी आणि सगळ्यात बाहेर काळी किंवा पांढरी साल. ही रचना जुनी आहे. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज अभियंत्याने १८८० साली तिचं पेटंट घेतलं होतं.

सिग्नल तारेतून वाहतो असं आपण बोलताना म्हणतो. प्रत्यक्षात लहर चालते ती मधली तार आणि जाळी यांच्यामधल्या जागेत, म्हणजे त्या पांढऱ्या फेसातून. तार आणि जाळी या तिच्या दोन कडा. त्यामुळे कडांमधलं अंतर सगळीकडे सारखं राहणं फार महत्त्वाचं ठरतं. तारेची जाडी, फेसाची जाडी आणि फेसाचा प्रकार यांवरून वायरचा इम्पिडन्स, म्हणजे चालत्या लहरीला जाणवणारा विरोध, ठरतो. टीव्हीच्या वायरचा तो ७५ ओहम असतो. मल्टिमीटर लावून हे ७५ ओहम दिसणार नाहीत. ते फक्त वेगाने बदलणाऱ्या लहरींना जाणवतात. वायर कुठे चेपली गेली, खिळ्याखाली दाबली गेली किंवा पिनमध्ये वाकडी बसली, तर त्या जागी हा आकडा बदलतो आणि लहरीचा काही भाग उलटा परततो.

७५च का, असा प्रश्न पडला असेल तर थोडक्यात: आत हवा असलेल्या कोॲक्सियल नळीत सिग्नलची झीज सगळ्यात कमी होते ती सुमारे ७७ ओहमला, आणि ती नळी सगळ्यात जास्त शक्ती पेलते ती सुमारे ३० ओहमला. टीव्ही नुसता ऐकतो, त्याला शक्ती पेलायची नसते, म्हणून त्याने कमी झिजेचा आकडा घेतला. ज्यांना ऐकायचंही असतं आणि बोलायचंही, त्या वायरलेस यंत्रांनी मधला ५० ओहम घेतला. घरातल्या वायफाय राउटरच्या अँटेनाची पिन ५० ओहमवाली असते, ती याच कारणाने.

आता लक्षात येईल की वायर अखंड असते तोवर सगळं ठीक असतं. जिथे ती कापून उघडी केली जाते, तिथे जाळी सुटते, फेस उघडा पडतो, तार नागडी होते. पिनचं काम म्हणजे उघडी केलेली वायर पुन्हा तशाच मापात बंद करणं. जी पिन हे काम करते ती चांगली. बाकी सोनेरी मुलामा वगैरे दुकानातल्या शोकेससाठी.

पिनला दोन टोकं असतात

दुकानात गेल्यावर आपण म्हणतो, “दादा, डिशची पिन द्या.” म्हणजे आपण फक्त पुढचं टोक सांगतो, जे बॉक्समध्ये जातं. मागचं टोक, ज्यात वायर शिरते, त्याचं माप सांगायचं राहूनच जातं. आणि बिघाड बहुतेक तिथेच होतो.

वायरच्या सालीवर छापलेलं वाचा. घरांत साधारण तीन जाती भेटतात. आरजी-५९ ही बारीक, बाहेरून सुमारे ६ मिलिमीटर. आरजी-६ त्याहून किंचित जाड, सुमारे ७ मिलिमीटर, मधली तार सुमारे १ मिलिमीटर. आणि आरजी-११, बोटाएवढी जाड, १० मिलिमीटरच्या आसपास. ती घरात क्वचित, केबलवाल्याच्या खांबावरून येणाऱ्या लांब ओढीत जास्त. आरजी-५९ची पिन आरजी-६वर चढत नाही, चढवली तर साल फाटते. उलट आरजी-६ची पिन आरजी-५९वर सहज चढते आणि तिथेच घोटाळा होतो, कारण ती ढिली बसते, वरून टेप गुंडाळला जातो आणि दोन महिन्यांनी ती हातात येते.

हे ‘आरजी’ नाव अमेरिकी लष्कराच्या जुन्या क्रमांकपद्धतीतलं आहे. आज ते नुसतं घराण्याचं नाव उरलं आहे, मापाची हमी नाही. आरजी-६ छापलेल्या दोन कंपन्यांच्या वायरींची साल कमी-जास्त जाड असू शकते, आतली जाळी विरळ किंवा दाट असू शकते. काहींत वर्ख-जाळी, वर्ख-जाळी असे चार थर असतात. त्यांना वेगळी, जरा मोठ्या पोटाची पिन लागते. म्हणून सोपा नियम ठेवा: पिन आणायला जाताना वायरचा वीतभर तुकडा खिशात घाला. दुकानात पिन त्यावर बसवून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या.

डिशसाठी आरजी-६च का, हेही इथेच सांगून टाकतो. एलएनबीकडून, म्हणजे डिशच्या तोंडासमोर बसवलेल्या छोट्या डबीकडून, बॉक्सकडे येणारा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा असतो. या पट्टीच्या वरच्या टोकाला आरजी-६ मध्ये १०० मीटरला सुमारे ३० डेसिबलची झीज होते. म्हणजे २० मीटरच्या ओढीत ६ डेसिबल. साध्या हिशेबात, निघालेल्या शक्तीतली चौथाईच पोचते. आरजी-५९ मध्ये झीज याहून जास्त. जुन्या केबल टीव्हीची आरजी-५९ भिंतीत आधीच आहे म्हणून तीच डिशला वापरायचा मोह होतो. छोट्या फ्लॅटमध्ये एखादवेळी चालून जातं. गच्चीपासून तळमजल्यापर्यंतच्या ओढीला नको.

पुढची टोकं

डिश आणि केबलच्या बॉक्सला लागतो तो एफ कनेक्टर, आट्यांचा. तो १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या जेरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीत एरिक विन्स्टन यांनी तयार केला. त्याची खुबी अशी की त्याला स्वतःची मधली पिन नसतेच. वायरची मधली तारच पुढे काढून पिन म्हणून वापरली जाते. त्यामुळे तो स्वस्त पडतो आणि जोडाला एक टप्पा कमी होतो. पण त्यामुळेच सगळी भिस्त त्या तारेच्या टोकावर येते. टोक तिरकं कापलं, त्यावर पांढऱ्या फेसाचा पापुद्रा राहिला किंवा ते जास्त लांब ठेवलं, की महागातली पिनही निकामी. आरजी-११ची तार १.६ मिलिमीटर जाड असते. ती एफच्या भोकात कोंबली तर आतली स्प्रिंग कायमची फाकते आणि मग त्या बॉक्सला आरजी-६ ढिलीच लागते. म्हणून आरजी-११च्या पिनला पुढे बारीक केलेली वेगळी तार असते.

टीव्हीच्या मागे थेट लावायची गुळगुळीत, ढकलून बसवायची पिन ही जुनी अँटेनावाली. सेट टॉप बॉक्सकडून टीव्हीला एचडीएमआय गेली असेल तर तिच्याशी तुमचा संबंध येणार नाही. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना आरसीए, त्यांचाही तितकाच. वायफायच्या अँटेनाची छोटी सोनेरी पिन एसएमए घराण्यातली, ती ५० ओहमची. काही जण डोंगराच्या कुशीतल्या घरात मोबाइलची रेंज यावी म्हणून ऑनलाइन बूस्टर मागवतात. त्याच्या पिना आणि वायरही ५० ओहमच्या. पण परवान्याशिवाय असा बूस्टर लावणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे, तेव्हा त्याची पिन कोणती घ्यावी हा प्रश्न इथेच सोडतो.

सीसीटीव्हीला मात्र बीएनसी लागतो, पाव वळसा देऊन अडकवायचा. त्याच्याकडे पुढे येतो.

वायरला धरून कोण ठेवतं

पिन विकत घेताना खरा निर्णय इथे आहे. वायरला पकडायच्या तीन तऱ्हा बाजारात आहेत.

पहिली, फिरवून बसवायची. पिनच्या आत आटे असतात, जाळी सालीवर उलटवायची आणि पिन पिळत चढवायची. हत्यार लागत नाही, म्हणून सगळ्यांच्या खिशात हीच. घरात, कोरड्या जागी, छोट्या केबल टीव्हीच्या जोडाला ती चालते. तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण तिची पकड पीव्हीसीच्या सालीवर असते. पीव्हीसी उन्हात मऊ पडतं आणि सतत दाबाखाली हळूहळू सरकतं. गोव्यात एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडवर हात ठेवून बघा, मग कळेल मी काय म्हणतोय. दोन उन्हाळ्यांत पकड ढिली होते आणि त्या फटीत पावसाळा शिरतो. छपरावर ही पिन लावू नका.

दुसरी, चेपून बसवायची, म्हणजे क्रिंप. षटकोनी तोंडाच्या पकडीने पिनची मागची नळी दाबायची. फिरवायच्या पिनपेक्षा घट्ट. मात्र षटकोनाच्या कोपऱ्यांत बारीक फटी उरतात आणि त्यांतून पाणी आत जाऊ शकतं. शिवाय योग्य पकड नसली की कामगार साध्या चिमट्याने दाबतो. त्याने नळी चपटी होते, आतला फेस चेपतो आणि वर सांगितलेला ७५चा हिशेब तिथेच मोडतो.

तिसरी कॉम्प्रेशन. पिनच्या मागे एक सरकती बांगडी असते. तिला दाबायची पकड वायरला बाजूने चेपत नाही. बांगडी पुढे ढकलते, आणि आतली कडी वायरभोवती चहूबाजूंनी सारखी आवळली जाते. धरते घट्ट, पाण्यालाही बऱ्यापैकी अडवते. एकदा बसली की निघत नाही. चुकली तर कापून नवी. या पिनला तिची खास पकड लागतेच.

माझं मत स्पष्ट आहे: घराच्या भिंतीबाहेर जे काही आहे, तिथे कॉम्प्रेशनच. पणजी, मिरामार, कळंगुट, मोरजी, बेतूल, कुठेही समुद्र जवळ असला तर तिथे पर्याय नाही. सत्तरी, सांगेकडे वाऱ्यात मीठ कमी, पण पाऊस जास्त, तिथेही हेच.

डिशवाला म्हणेल, “भाई, एवढ्या एका पिनसाठी ते हत्यार कोण बाळगतो?” त्याचंही बरोबर आहे. कंपनीने दिलेल्या पिशवीत जी पिन असते ती तो लावतो. पण आठ-दहा जोड असलेलं मोठं घर किंवा पाहुण्यांसाठी खोल्या भाड्याने देणारं घर असेल, तर पकड आणि वायर सोलायचं हत्यार स्वतः घेऊन ठेवावं.

बसवताना

वायर आधी काटकोनात कापा. बोथट चिमट्याने कापलं की तोंड चपटं होतं; पुन्हा नीट कापा. दोन पात्यांचं सोलायचं हत्यार एका फेरीत दोन कामं करतं: पुढे सुमारे ६ मिलिमीटर तार उघडी करतं आणि मागे तेवढीच जाळी. चाकूने सोलणारे कुशल हात आहेत, मी पाहिले आहेत, पण चाकूची एक रेघ मधल्या तारेवर उमटली की काम फसतं. कारण बहुतेक आरजी-६ मधली तार अखंड तांब्याची नसतेच. ती पोलादाची असते आणि वर तांब्याचा पातळ थर. वेगाने बदलणारा प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच चालतो. एक गिगाहर्ट्झला तो तांब्यात जेमतेम २ मायक्रॉन खोल जातो, म्हणून आतल्या पोलादाचं त्याला काही वाटत नाही. पण ओरखड्यातून पोलाद उघडं पडलं की गोव्याची हवा त्याला सोडत नाही. गंज तिथून आत सरकतो.

जाळी सालीवर सगळीकडून सारखी उलटवा. वर्ख फेसाला चिकटलेलाच राहू द्या. जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये; लागला तर एलएनबीला जाणारी वीज तिथेच शॉर्ट होते आणि बॉक्स तक्रार करतो. मग पिन सरळ ढकला, पांढरा फेस पिनच्या आतल्या तळाशी सपाट येईपर्यंत. हे तोंडात डोकावून डोळ्यांनी बघायचं. फेस आत राहिला असेल तर अजून ढकला. मधली तार नटच्या कडेच्या दीड ते तीन मिलिमीटर पुढे यायला हवी. मग पकड दाबा.

बॉक्सला हाताने घट्ट करा, एलएनबीला हाताने करून वर पान्याने थोडंसं. नट बहुतेक ११ मिलिमीटरचा असतो. जोर लावून आवळल्याने बॉक्सच्या आतला सर्किटवरचा सांधा तुटू शकतो.

एक सवय मात्र सोडायला हवी: वायर तुटली की दोन्ही टोकं सोलायची, तारा पिळायच्या आणि वर काळा टेप. विजेच्या वायरला चालणारी ही रीत डिशच्या वायरला चालत नाही आणि त्यामागे हिशेब आहे. २१५० मेगाहर्ट्झची लहर या वायरीत सुमारे १२ सेंटिमीटर लांब असते. तीन-चार सेंटिमीटरचा पिळलेला, जाळी विस्कटलेला सांधा हा तिच्या दृष्टीने मोठा अडथळा, आणि त्यातला बराच भाग तिथूनच परत फिरतो. वायर तुटली तर दोन पिना लावा आणि मधे एफचा जॉइनर. जॉइनर घरात घ्या, छपरावर नको.

खारा वारा

समुद्राकाठच्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते धातूवर बसतात, दमट हवेतून पाणी ओढून घेतात आणि तिथे खारट पाण्याचा पातळ थर तयार होतो. जाळी ॲल्युमिनियमची, पिन पितळेची, वर निकेलचा मुलामा. दोन वेगळे धातू, मधे खारं पाणी, म्हणजे एक छोटीशी बॅटरीच झाली, आणि त्यात आधी झिजतं ते ॲल्युमिनियम. जाळीची पांढरी भुकटी होते. डिशच्या वायरीत आणखी एक भर पडते: बॉक्स एलएनबीला त्याच वायरीतून १३ किंवा १८ व्होल्टची वीज पाठवत असतो. ओल्या पिनमध्ये ही वीज गंज चढवायला हातभार लावते. पावसाळ्यानंतर एलएनबीची पिन उघडा. मधली तार हिरवी-काळी दिसली तर तोच पुरावा.

या १३ आणि १८ व्होल्टमुळे एक गमतीची खूण मिळते. १३ व्होल्टला एलएनबी उभ्या लहरी पकडतो, १८ला आडव्या. पिन गंजली, रोध वाढला, की वाटेत व्होल्ट गळतात आणि १८चे एलएनबीपर्यंत १५च्याही खाली येऊ शकतात. मग तो १३च समजतो. म्हणून काही वाहिन्या छान दिसतात आणि काही गायब, असं दिसलं तर वाहिनीचं पॅकेज संपलं का हे पाहून लगेच पिनकडे वळा. एका एलएनबीवर साधा स्प्लिटर, म्हणजे सिग्नल वाटून देणारी डबी, लावून दोन खोल्यांत दोन बॉक्स नीट का चालत नाहीत, त्याचंही उत्तर हेच: एका बॉक्सला १३ हवेत, दुसऱ्याला त्याच वेळी १८. तिथे दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन स्वतंत्र वायरी लागतात.

पिन पितळेची आहे का हे कसं ओळखायचं? कडेला कानस किंवा किल्लीने जरा खरवडा. आत पिवळं दिसलं तर पितळ. राखाडी-पांढरं दिसलं तर जस्ताची ओतीव. ती घरात वापरा, बाहेर नको.

बाहेरच्या पिनवर आपोआप चिकटून एकजीव होणारा रबरी टेप गुंडाळायचा, साधा विजेचा टेप नाही. त्याचा डिंक उन्हात वितळतो. टेप ताणून, खालून वर गुंडाळत जायचा, म्हणजे छपरावरच्या कौलांसारखा वरचा पदर खालच्यावर येतो आणि पाणी आत न जाता घसरतं. कोणी सिलिकॉनची ट्यूब आणली तर आधी वास घ्या. शिरक्यासारखा आंबट वास आला तर ती बाजूला ठेवा. त्या सिलिकॉनमधून सुकताना ॲसिटिक ॲसिड निघतं आणि ते तांबं-पितळ खातं. बिनवासाचं, न्यूट्रल लिहिलेलं घ्या.

आणि वायर भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या. पाणी वायरीवरून ओघळत येतं. झोळाच्या तळाशी ते ठिबकतं, भोकात शिरत नाही. चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडताना गिरमिट बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं धरा. चिरा पाणी पितो, आणि उलट्या उताराच्या भोकातून आलेलं पाणी थेट टीव्हीच्या मागे उतरतं.

डीडी फ्री डिश लावणाऱ्यांसाठी जाता जाता: तिचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे गोव्यातून आग्नेयेला, साठ अंशांच्या आसपास मान वर करून. इतक्या उंचीवर सह्याद्री आड येत नाही. आड येतो तो शेजाऱ्याचा माड. त्यामुळे डिश घराच्या भलत्याच कोपऱ्यात जाते आणि वायर लांबते. लांब वायरीत पोलादी तारेचा रोध जाणवतो, तेव्हा अशा ओढीला अखंड तांब्याच्या तारेची वायर मिळाली तर पाहा.

केबलवाल्याचं दुखणं वेगळं

केबल टीव्हीचा सिग्नल ८६२ मेगाहर्ट्झपर्यंतचा असतो. त्याच पट्टीत किंवा तिच्या सीमेलगत मोबाइलचे ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झचे फोन आणि टॉवर बोलत असतात. ढिल्या पिनमध्ये जाळी नीट टेकलेली नसली की बाहेरची ही बडबड आत शिरते. लक्षण असं, की ठरावीक चार-पाच वाहिन्याच फुटतात आणि त्याही फोन जवळ असला की जास्त. इथे सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर लावून उपयोग नाही. तो बडबडही वाढवतो. पिन बदला.

स्प्लिटरबद्दल एवढंच: दोन तोंडांचा स्प्लिटर साधारण साडेतीन-चार डेसिबल खातो, चार तोंडांचा सात-आठ. पुढे कधीतरी लागेल म्हणून चार तोंडांचा लावू नका. तोंड रिकामं राहिलंच तर त्यावर ७५ ओहमची टोपी, टर्मिनेटर, लावा. केबलसाठीचा, १००० मेगाहर्ट्झपर्यंतचा स्प्लिटर डिशला चालत नाही.

कॅमेऱ्यांची गोष्ट

बंगल्याच्या फाटकावर, काजूच्या बागेत, दुकानात, सगळीकडे आता कॅमेरे आहेत. जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांना ‘थ्री प्लस वन’ वायर लागते: एक बारीक कोॲक्सियल आणि विजेच्या तीन तारा एकाच सालीत. तिच्या टोकाला बीएनसी आणि डीसी पिन. बाजारात बीएनसीच्या मागे दोन छोट्या वायरी लोंबणारा तयार तुकडा मिळतो. लायनमन त्या पिळतो आणि टेप लावतो. डिशच्या बाबतीत मी या पिळण्याला नाही म्हटलं, इथे तितका विरोध नाही. कॅमेऱ्याचा सिग्नल दोन आकडी मेगाहर्ट्झचाच. ४० मेगाहर्ट्झची लहर वायरीत सहा मीटर लांब असते, तिला तीन सेंटिमीटरचा सांधा जाणवत नाही. पाणी मात्र कोणालाही जाणवतं. म्हणून तो सांधा झाकणाच्या पीव्हीसी डबीत बंद करा, वायरी डबीच्या खालून आत घ्या.

कॅमेऱ्याच्या वायरीत मधली तार आणि जाळी तांब्याचीच हवी. कमी वेगाचा प्रवाह तारेत खोलवर जातो. १ मेगाहर्ट्झला तो तांब्यात सुमारे ६६ मायक्रॉन जातो, आणि आत पोलाद असेल तर लांब ओढीत चित्र फिकट पडतं. म्हणजे डिशला जी वायर उत्तम, ती कॅमेऱ्याला उत्तम असेलच असं नाही.

बीएनसी ५० आणि ७५ अशा दोन्ही ओहमचे मिळतात आणि एकमेकांत बसतात. चुकून ५०चा लागला तर कॅमेऱ्याला फारसा फरक पडत नाही. एन नावाच्या जाडजूड पिनच्या बाबतीत हे चालत नाही: ५० ओहमची जाड पिन ७५च्या भोकात घातली की भोक कायमचं फाकतं.

नवं घर बांधताना

भिंती गिलाव्याआधी उघड्या असतात तेव्हा प्रत्येक खोलीपर्यंत २५ मिलिमीटरचा पाइप टाका, विजेच्या पाइपापासून वेगळा. वायर अखंड ओढा. भिंतीच्या पोटात जोड ठेवू नका. वळणावर आरजी-६ला सात सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येत वाकवू नका. टोकाला हातभर वायर जास्त ठेवा, कारण पिन गंजली की दर वेळी बोटभर कापावी लागते. गच्चीवरच्या डिशचा लोखंडी दांडा घराच्याच अर्थिंगला इलेक्ट्रिशियनकडून जोडून घ्या आणि मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात वायर बॉक्समधून काढून ठेवा. जवळ पडलेल्या विजेपुढे कोणतीही पिन टिकत नाही.

पिन बसल्यावर तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. आधी वायर दोन्ही बाजूंनी मोकळी करा, बॉक्स लावलेला असताना नको. मधली तार आणि नट यांच्यामध्ये काहीच जोड दिसता कामा नये. मग कोणाला तरी दुसऱ्या टोकाला तार आणि नट यांना चिमटा लावून जोडायला सांगा. आता काही ओहम दिसले पाहिजेत. आकडा हलत असेल तर वायर हातात धरून पिनजवळ हळूच वाकवा. ज्या टोकाला वाकवल्यावर आकडा नाचतो, तीच पिन कापा.